रक्ताचा रिपोर्ट पाहून लग्नं मोडतील, आजार नाही

सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या वारशाने येणाऱ्या रक्ताच्या आजारांची बातमी आली की पाठोपाठ एक मागणी ठरलेली असते: लग्नाआधीची रक्ततपासणी कायद्याने सक्तीची करा. ती राजकारण्यांच्या भाषणात असते, वाचकांच्या पत्रांत असते, आरोग्य शिबिराच्या मंचावर असते, आणि तिला टाळ्याही मिळतात. ‘पत्रिका नको, रक्त जुळवा’ हे वाक्य आता आपल्या सगळ्यांच्या कानावर पडलेलं आहे. समोरून उत्तर येतं की ही तर हिटलरची वाट आहे, सरकारने माणसाच्या रक्तात डोकावू नये. मग एक बाजू दुसरीला अडाणी ठरवते आणि दुसरी पहिलीला क्रूर. या सगळ्या वादात सिकलसेलने ज्याचे सांधे थंडीत रात्रभर ठणकतात तो पोरगा नसतो, आणि दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवल्याशिवाय जिचा चेहरा उजळत नाही ती थॅलेसेमियाची मुलगीही नसते.

माझं म्हणणं आधीच सांगते. तपासणी हवी, आजच्या कितीतरी पट जास्त हवी. पण ती लग्नाच्या बोलणीत, कायद्याच्या धाकाने नको. ती बाळ जन्मल्यावर व्हावी, गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत व्हावी, आणि तरुण मुलामुलींसाठी सोयरिकीचा विषय निघण्याच्या पुष्कळ आधी, त्यांच्या संमतीने व्हावी. निकाल फक्त त्यांच्या हातात जावा. आणि या सगळ्याच्या आधी, जे आज आजारी आहेत त्यांचा उपचार नीट व्हावा. हा क्रम उलटा केला तर माणसं रिपोर्ट लपवतील, मुलींची आयुष्यं अडतील आणि आजार जागचा हलणार नाही.

वाद बिघडतो तो पहिल्याच पायरीवर, कारण ‘आनुवंशिक आजार’ या एका नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या जातात. माणसाच्या पेशीत ४६ गुणसूत्रं असतात हे १९५६ मध्ये त्जियो आणि लेवान यांनी पक्कं केलं. तोवर पुस्तकांत ४८ हा आकडा चालत होता. १९५९ मध्ये पॅरिसच्या संशोधकांनी दाखवलं की डाउन सिंड्रोम असलेल्या मुलांत २१ वं गुणसूत्र दोनऐवजी तीन वेळा असतं. हा दोष गुणसूत्राचा आहे, पण बहुतेक वेळा तो वारशाने आलेला नसतो. स्त्रीबीज किंवा शुक्रपेशी तयार होताना गुणसूत्रांची वाटणी चुकते. आईवडिलांची स्वतःची गुणसूत्रं शंभरातल्या सुमारे पंच्याण्णव वेळा अगदी व्यवस्थित असतात. लग्नाआधी त्यांचं रक्त कितीही तपासलं तरी काहीही दिसणार नाही. हिमोफिलियाचं, म्हणजे रक्त नीट न गोठण्याच्या आजाराचं, जनुक एक्स गुणसूत्रावर असतं, आणि जवळपास एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो आजार आधी कुणालाच नसतो. बदल नव्यानेच झालेला असतो. सिकलसेल आणि बीटा थॅलेसेमिया यांचं गणित तिसरंच आहे. दोन्हींचं मूळ ११ व्या गुणसूत्रावरच्या एकाच जनुकात, बीटा ग्लोबिनमध्ये. आईकडून आणि वडिलांकडून अशा दोन्ही प्रती सदोष आल्या तरच मूल आजारी होतं. जोडी जुळवण्याच्या तपासणीत सापडतात ते फक्त या तिसऱ्या जातीचे आजार. मग ‘लग्नाआधी रक्त तपासा, आनुवंशिक आजार संपतील’ असं कशाच्या बळावर सांगितलं जातं?

या तिसऱ्या गटातलं गणितही लोकांपर्यंत अर्धवट पोहोचतं. ज्याच्याकडे एकच सदोष प्रत आहे तो वाहक. रिपोर्टवर त्याच्यासमोर ‘एएस’ लिहिलेलं असतं. तो रोजच्या जगण्यात आजारी नसतो. शेतात राबतो, खेळतो, म्हातारा होतो. ज्याच्याकडे दोन्ही प्रती सदोष, तो ‘एसएस’, म्हणजे रुग्ण. वाहकाचं लग्न सदोष प्रत नसलेल्या माणसाशी झालं तर एकही मूल आजारी होत नाही. इतकंच काय, स्वतः रुग्ण असलेल्या मुलीने अशा मुलाशी लग्न केलं तरी तिची सगळी मुलं फक्त वाहक असतात. दोन्ही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता मूल आजारी असण्याची. गावात मात्र यातलं काहीही उरत नाही. उरतं ते ‘तिला सिकल आहे’. त्या एका वाक्यात वाहकही आला आणि रुग्णही आला, आणि पाहुणे परत फिरले.

आता सक्तीच्या बाजूने जे खरोखर भक्कम आहे ते मान्य करू. सायप्रसमध्ये साधारण दर सातवा माणूस बीटा थॅलेसेमियाचा वाहक आहे. १९७० च्या दशकात तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं की अशीच मुलं जन्मत राहिली तर काही दशकांत बेटावर गोळा होणारं रक्त आणि औषधांचा पैसा या एका आजारालाही पुरणार नाही. १९८३ पासून तिथल्या चर्चने लग्नासाठी तपासणीचा दाखला मागायला सुरुवात केली, आणि थॅलेसेमिया मेजरची, म्हणजे दोन्ही प्रती सदोष असलेली, नवी बाळं जवळपास थांबली. इराणने १९९७ मध्ये लग्नाआधीची तपासणी देशभर लागू केली; तिथेही संख्या झपाट्याने उतरली. सौदी अरेबियाने २००४ मध्ये ती सक्तीची केली तेव्हा धोका असलेल्या दहापैकी नऊ जोडप्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवून लग्न केलं, पण २००९ पर्यंत अशी निम्मी जोडपी मागे फिरू लागली होती. हे आकडे खरे आहेत. त्याहून जड आहे तो आईवडिलांचा प्रश्न. दोन-अडीच वर्षांच्या लेकराला कडेवर घेऊन रक्तपेढीच्या दारात उभी असलेली आई विचारते, ‘आम्हाला हे कुणी आधी का नाही सांगितलं?’ तिला खासगीपणाच्या हक्काचं व्याख्यान देऊन भागत नाही. तिसरा मुद्दा विषमतेचा: सगळं स्वेच्छेवर सोडलं तर तपासणी करून घेईल तो शहरातला, शिकलेला, खिशात पैसे असलेला माणूस. भामरागडच्या किंवा धडगावच्या पाड्यावरचं जोडपं नाही.

तिन्ही मुद्द्यांत तथ्य आहे. पण त्यांतून सक्ती हवी असा निष्कर्ष निघतो का? सायप्रसचं उदाहरण जरा नीट बघितलं की चित्र बदलतं. तिथल्या दाखल्यावर लिहिलेलं असतं ते एवढंच की दोघांची तपासणी झाली आणि त्यांना समजावून सांगितलं गेलं. निकाल धर्मगुरूला कळत नाही. तो जोडप्याजवळ राहतो. आणि दोघंही वाहक निघालेल्या बहुतेक जोडप्यांनी लग्न केलंच. बाळांची संख्या उतरली ती गर्भाच्या तपासणीमुळे आणि त्यानंतर आईवडिलांनी स्वतः घेतलेल्या निर्णयांमुळे. इराणमध्येही अनेक जोडपी एकमेकांना सोडायला तयार झाली नाहीत. म्हणून गर्भाच्या तपासणीची सोय उभारावी लागली आणि २००५ मध्ये गर्भपाताचा कायदा बदलावा लागला. आणि सार्डिनिया? इटलीच्या या बेटावर सक्ती नव्हतीच. डॉक्टर, शाळा, स्थानिक माध्यमं आणि रुग्णांच्या संघटना यांनी लोकांना समजावलं, तपासणी घराजवळ आणली, आणि अडीचशे जन्मांमागे एक असलेलं थॅलेसेमिया मेजरचं प्रमाण चार हजारांमागे एकवर आलं. म्हणजे जिथे जिथे यश आलं तिथे समान गोष्टी या: जवळ उपलब्ध असलेली गर्भाची तपासणी, विश्वासाने बोलणारा समुपदेशक, आणि आधीच आजारी असलेल्यांना मोफत, चांगला उपचार. आपल्याकडे सायप्रसचं नाव घेणारे त्यातला दाखला तेवढा उचलतात आणि बाकी सगळं तिथेच ठेवून येतात.

ग्रीसमधलं ऑर्कोमेनोस हे गाव या चर्चेत कुणाच्या तोंडी येत नाही, आणि मला वाटतं तेच सर्वांत आधी यायला हवं. तिथे सिकलसेलची तपासणी मोठ्या उत्साहाने झाली, प्रत्येकाला आपण वाहक आहोत की नाही हे सांगितलं गेलं, लग्न ठरवताना याचा विचार करा असंही सांगितलं गेलं. काही वर्षांनी संशोधक परत गेले तेव्हा दिसलं की वाहक-वाहक लग्नांचं प्रमाण निव्वळ योगायोगाने जितकं झालं असतं तितकंच होतं. काही कुटुंबांनी रिपोर्ट लपवले होते. आणि वाहक हा गावात एक नवा, कमी प्रतीचा गट तयार झाला होता. आजार तिथेच, वर एक नवा कलंक. हा ठरवून जुळवलेल्या लग्नांचा समाज होता, आपल्यासारखाच.

अमेरिकेचा धडा याहून कडवा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या डझनभर राज्यांनी सिकलसेलच्या तपासणीचे कायदे केले. काहींनी शाळेत प्रवेशासाठी, काहींनी लग्नाच्या परवान्यासाठी ती सक्तीची केली. वाहक आणि रुग्ण यांतला फरक कायदा लिहिणाऱ्यांनाच धड कळलेला नव्हता. परिणाम भोगले ते काळ्या अमेरिकनांनी. धडधाकट वाहकांना नोकऱ्या नाकारल्या गेल्या, विम्याचे हप्ते वाढवले गेले, आणि हवाई दलाच्या अकादमीचे दरवाजे त्यांना १९८१ पर्यंत बंद राहिले. मधल्या काळात १९७२ च्या केंद्रीय कायद्याने सांगितलं की सरकारी पैशातून होणारी तपासणी ऐच्छिकच असली पाहिजे. या काळाचं टोक गाठलं होतं लायनस पॉलिंग यांनी. सिकलसेल हा हिमोग्लोबिनच्या रेणूचा आजार आहे हे १९४९ मध्ये दाखवणारा, पुढे दोन नोबेल मिळवलेला हा शास्त्रज्ञ. त्यातलं एक नोबेल शांततेचं. १९६८ मध्ये त्यांनी लिहिलं की वाहकांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडण्याआधीच सावध होतील. ते दुष्ट नव्हते. अण्वस्त्रांविरुद्ध जगभर मोहीम चालवणारा, मुलांच्या यातना कमी व्हाव्यात म्हणून तळमळणारा माणूस होता तो. सद्हेतू आणि विज्ञान दोन्ही जवळ असूनही माणूस कुठवर घसरू शकतो याचा विचार आज वाहकांना तपासणीच्या निकालाची वेगवेगळ्या रंगांची कार्डं वाटताना आपण करतो का? कपाळावरची खूण आणि सोयरिकीच्या बैठकीत सगळ्यांसमोर मागितलं जाणारं कार्ड यांत अंतर आहे, पण फार नाही.

महाराष्ट्राला तर यासाठी ग्रीस-अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रँडच्या समितीने घरोघरी सोल्जर घुसवले, रुग्ण ओढून नेले, सामान जाळलं. साथ आटोक्यात आणायची होती हे खरंच होतं. पण लोकांनी रुग्ण लपवले, मृत्यू लपवले, आणि साथ लपून वाढली. त्याच शहराच्या वेशीवर, त्याच महिन्यांत, सावित्रीबाई फुले आणि डॉ. यशवंत यांनी माळरानावर दवाखाना उघडला होता. तिथे लोक आपल्या पायांनी येत होते, आणले जात होते. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन सावित्रीबाई स्वतः आल्या, आणि १० मार्च १८९७ रोजी त्याच प्लेगने गेल्या. साथीचा रोग आणि वारशाचा रोग एक नाही, हे मला मान्य आहे. प्लेगच्या वेळी काही प्रमाणात तरी सक्तीला कारण होतं, कारण एकाचा आजार शेजाऱ्याला लागत होता. सिकलसेल शेजाऱ्याला लागत नाही. मग जिथे सक्तीचं कारण अधिक होतं तिथेही जी उलटली, ती इथे कशी चालेल?

आपल्याकडे लग्न हा दोन माणसांचा व्यवहार असता तर मी कदाचित इतकी अडून बसले नसते. तो दोन घरांचा, भावकीचा, गावाचा व्यवहार आहे, आणि त्यात तोलली जाते मुलगी. सुपारी फुटल्यावर, पत्रिका छापून झाल्यावर दोघांचे रिपोर्ट आले आणि दोघंही वाहक निघाले. लग्न मोडलं. दोष दोघांत अगदी सारखा, अर्धा-अर्धा. पुढच्या वर्षी मुलाचं दुसरीकडे जमतं. मुलीचं मोडलेलं लग्न मात्र तिच्या नावाला चिकटतं, आणि तिच्या धाकट्या बहिणीच्याही. ज्या समाजात मूल होत नाही म्हणून आजही आधी बाईला तपासायला नेतात, तिथे हा कागद कुणाच्या विरोधात वापरला जाईल याबद्दल कुणाला शंका आहे? सक्तीची मागणी करणाऱ्यांनी या प्रश्नाचं उत्तर एकदा तरी द्यावं. ‘प्रबोधन करू’ हे उत्तर नव्हे. प्रबोधन जमत असतं तर सक्ती लागलीच नसती.

‘पण एका पिढीने सोसलं तर पुढच्या पिढ्या सुटतील ना?’ असं विचारणारी माणसं मला भेटतात, आणि ती मनापासून विचारतात. नाही सुटणार. रामानुजनला केंब्रिजला बोलावून घेणाऱ्या गणिती हार्डी यांनी १९०८ मध्येच दाखवून दिलं होतं की जोड्या सरमिसळ लागत गेल्या आणि बाहेरून काही ढवळाढवळ झाली नाही, तर जनुकांचं प्रमाण पिढ्यान्‌पिढ्या तेच राहतं. समजा एखाद्या समाजात दर पाचवा माणूस वाहक आहे. मनाप्रमाणे लग्नं झाली तर पंचविसात एका जोडप्यात दोघंही वाहक असतील, आणि शंभरात एक मूल आजारी जन्मेल. वाहकांनी एकमेकांशी लग्न टाळलं तर ते एक मूल टळेल, हे खरं आणि मोलाचं. पण वाहक तितकेच राहतील. त्यांची निम्मी मुलं पुन्हा वाहक असतील. पुढच्या पिढीत तपासणी पुन्हा, त्याच्या पुढच्या पिढीत पुन्हा, आणि एका पिढीत यंत्रणा ढिली पडली की आजार होता तिथे परत. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेचं उद्दिष्ट २०४७ पर्यंत सिकलसेल संपवण्याचं आहे, आणि त्यासाठी चाळिशीपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करायची आहे. इतक्या माणसांपर्यंत पोहोचण्याचा निर्धार चांगलाच आहे. पण तारीख ठरवून संपणारी ही गोष्ट नाही. हे जनुक इथे टिकलं तेच मुळी वाहकाला मलेरियापासून संरक्षण मिळतं म्हणून. १९५४ मध्ये ॲलिसन यांनी आफ्रिकेत हे दाखवलं. गडचिरोलीच्या जंगलात ज्यांचे पूर्वज मलेरियातून वाचले, त्यांच्या रक्तात ते वाचण्याची किंमतही उतरली आहे. त्यांना दोषी असल्यासारखं कार्ड दाखवायला लावणं मला तरी सहन होत नाही.

तपासणीच्या तंत्राबद्दलही इतक्या सहज बोललं जातं की जणू एक थेंब रक्त घेतलं की सत्य बाहेर आलं. शिबिरांत जी साधी, स्वस्त विद्राव्यता चाचणी होते ती सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. वाहक की रुग्ण हे ठरवायला पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली, हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी चाचणी लागते. आणि थॅलेसेमियाचा वाहक त्या साध्या चाचणीत दिसतच नाही. असा माणूस ‘निगेटिव्ह’ म्हणून कार्ड घेऊन जातो, सिकलच्या वाहकाशी निर्धास्तपणे लग्न करतो, आणि त्यांच्या मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होऊ शकतो, जो कधीकधी सिकलसेलइतकाच त्रास देतो. शरीरात लोह कमी असेल तर थॅलेसेमियाची वाहकता एचपीएलसीतही झाकली जाऊ शकते, आणि आपल्या किती बायकांचं लोह पुरेसं असतं? ज्या कागदाच्या आधारे कायदा लग्न अडवणार किंवा होऊ देणार, तो कागद इतका पक्का असल्याची खात्री कोण देणार आहे?

सिकलसेल आणि थॅलेसेमिया मेजर एकाच दमात उच्चारले जातात, त्यानेही फार नुकसान होतं. थॅलेसेमिया मेजरचं मूल रक्त न चढवल्यास सहसा काही वर्षांतच जातं. रक्त चढवत राहिलं तरी अंगात साठणारं लोह काढायला औषधं लागतात, आयुष्यभर. चढवलेलं रक्त सुरक्षित नसेल तर काय होतं ते २०११ मध्ये गुजरातमधल्या जुनागढला दिसलं, जिथे थॅलेसेमियाच्या वीसहून अधिक मुलांना एचआयव्हीची लागण झाली. असं मूल पोटात आहे हे कळल्यावर आईवडिलांनी गर्भपाताचा निर्णय घेतला तर त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही, कुणालाच नाही. सिकलसेलचं तसं नाही. भारतात आढळणाऱ्या प्रकारात अनेक रुग्णांच्या रक्तात गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बरंच शिल्लक राहतं आणि ते थोडं संरक्षण देतं. काहींना वर्षातून चार वेळा दवाखान्यात भरती व्हावं लागतं, तर काही शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. गर्भाच्या तपासणीत यातलं कोणतं आयुष्य वाट्याला येणार आहे ते सांगता येत नाही. या दोन आजारांसाठी एकच कायदा, एकच सल्ला कसा असेल?

आणि उपचार! या वादात ज्याबद्दल सर्वांत कमी बोललं जातं तो विषय. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या एका चाचणीत दिसलं की सिकलसेल असलेल्या तीन वर्षांखालच्या बाळांना रोज दोनदा तोंडाने पेनिसिलिन दिलं तर न्यूमोकोकस या जिवाणूचे जीवघेणे संसर्ग ८४ टक्क्यांनी घटतात. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. पेनिसिलिन हे जगातल्या स्वस्त औषधांपैकी एक. ते द्यायला एकच अट, बाळाला सिकलसेल आहे हे जन्मल्यावर लगेच कळायला हवं. म्हणजे नवजात बाळाची तपासणी. तिने कुणाचं लग्न मोडत नाही, कुणाच्या कपाळावर खूण येत नाही, आणि लेकरू जगतं. हायड्रॉक्सीयुरिया नावाची कॅप्सूल वेदनेचे झटके आणि दवाखान्यातल्या भरत्या निश्चितपणे कमी करते. नागपूरच्या आणि मध्य भारतातल्या डॉक्टरांचा कमी डोसचा अनुभवही चांगला आहे. ती रोज, न चुकता, रक्ताच्या मोजण्या करत घ्यावी लागते. ती प्राथमिक आरोग्य केंद्रात महिनोन्‌महिने सलग मिळते का, की तालुक्याला, मग जिल्ह्याला, मग ‘साठा संपला’? झटका आलेल्या पोराला वेदनाशामक मिळतं का, की नाटक करतो म्हणून बाकावर बसवलं जातं? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया यांना २१ दिव्यांगत्वांच्या यादीत जागा दिली, पण सरकारी नोकरीतल्या चार टक्के आरक्षणाच्या वाटणीत त्यांचा समावेशच केला नाही. यासाठी विधिमंडळात कितीदा टाळ्या वाजल्या?

सक्तीचे समर्थक एका गोष्टीबद्दल कधीच तोंड उघडत नाहीत. हे आजार ठराविक समाजांत दाटले आहेत: सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांत, गोंड-माडियांत, विदर्भातल्या दलितांत सिकलसेल, सिंधी, पंजाबी, लोहाणा, कच्छी भानुशाली समाजांत थॅलेसेमिया. दाटले आहेत कारण लग्नं जातीच्या आत होतात, आणि वाहकाला वाहक भेटण्याची शक्यता जातीच्या भिंतीत सर्वांत जास्त असते. मामाच्या मुलीशी लग्न ठरवण्याची रीत त्यात आणखी भर घालते. जातीबाहेर लग्न केल्याने ही शक्यता कोणत्याही कार्डाशिवाय घटते. पण जो पुढारी सोयरिकीआधी रक्त तपासा म्हणतो, तो सोयरीक जातीबाहेर करा असं म्हणत नाही. उलट तशी लग्नं करणाऱ्यांची नावं नोंदवा, चौकशा करा अशी मागणी त्याच व्यासपीठांवरून होते. मग आजार खरंच कमी व्हावा ही इच्छा किती आणि आदिवासी-दलितांनी सरकारला आपलं रक्त दाखवावं ही इच्छा किती, असा प्रश्न मनात येतोच.

याच देशात आपण दुसरी वाट घेतलेली आहे. २००६ मध्ये गोव्यात लग्नाआधी एचआयव्हीची चाचणी सक्तीची करण्याचा प्रस्ताव आला होता. तेव्हाही हाच युक्तिवाद होता: मुलीचं रक्षण, पुढच्या पिढीचं रक्षण. देशाने अखेर उलट बाजू निवडली. २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने समजून-उमजून दिलेल्या संमतीशिवाय चाचणीला मनाई केली, गोपनीयता बंधनकारक केली, भेदभावाला बंदी घातली. आणि लोक तपासणीला येऊ लागले ते भीती कमी झाली आणि औषध मोफत मिळू लागलं म्हणून. वारशाच्या आजारांसाठी तसा एकही कायदा आपल्याकडे नाही. वाहक असल्याची माहिती कुणी फोडली, मालकाने मागितली, सासरने वापरली, तर दाद कुठे मागायची? ज्या सरकारने माहितीचं रक्षण अजून केलेलं नाही त्याला माहिती सक्तीने गोळा करण्याचा अधिकार का द्यावा?

मला हवंय ते असं. राज्यातल्या सिकलसेलग्रस्त जिल्ह्यांत जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला जावा आणि निकाल महिन्याच्या आत आईला मिळावा. प्रत्येक गरोदर बाईची पहिल्याच भेटीत पूर्ण हिमोग्लोबिन तपासणी व्हावी, आणि ती वाहक निघाली तर नवऱ्याचीही, म्हणजे पुढचा निर्णय घ्यायला दोघांना वेळ उरेल. प्रसूतिपूर्व निदानाचा कायदा या कारणासाठी तपासणीला परवानगी देतो, अडचण आहे ती अंतराची. चंद्रपूर आणि मुंबईला आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) केंद्रं आहेत, पण गडचिरोलीतल्या एटापल्लीच्या बाईला गरोदरपणाच्या दहाव्या-बाराव्या आठवड्याच्या त्या खिडकीत तिथवर न्यायचं कुणी, राहायचं कुठे, तिची बुडालेली मजुरी कोण देणार, हे ठरलेलं असावं. कॉलेजात आणि आश्रमशाळेच्या वरच्या वर्गांत तपासणी मोफत, मागेल त्याला, आणि निकाल बंद पाकिटात. रंगीत कार्डं बंद. वाहकतेच्या माहितीवरून भेदभाव करणाऱ्याला शिक्षा. आणि जिल्ह्याच्या अहवालात ‘किती लोक तपासले’ या रकान्याच्या आधी तीन रकाने: गेल्या वर्षी किती रुग्णांना बारा महिने सलग हायड्रॉक्सीयुरिया मिळालं, सिकलसेलची किती बाळं पाच वर्षांची झाली, आणि थॅलेसेमियाच्या किती मुलांना वेळेवर, नीट तपासलेलं रक्त मिळालं. हे तीन रकाने सलग पाच वर्षं समाधानकारक भरले जाऊ द्या. त्यानंतरही कुणाला लग्नाच्या दारात सक्तीची गरज वाटलीच, तर मी पुन्हा चर्चेला बसेन.